लाल बादलीची परीक्षा

प्लॅस्टिकची बादली घ्यावी की न घ्यावी, एवढ्याशा प्रश्नावरून सरकारी नोकराच्या दारात हवालदार उभा राहू शकतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी बाजारातल्या सगळ्या बादल्या मुकाट्यानं घरी आणल्या असत्या. पण भोरमध्ये शहाणी माणसं नेहमी प्रकरण होऊन गेल्यावर भेटतात. प्रकरणाच्या आधी जी भेटतात ती आमच्या रामभाऊंसारखी असतात. त्यांच्याविषयी पुढं येईलच.

त्या वर्षी आमच्या बाजारात प्लॅस्टिकच्या बादल्या पहिल्यांदाच ढिगानं आल्या होत्या. लाल, हिरव्या, पिवळ्या. माझ्या बायकोनं, सगुणेनं, त्यातली एक लाल बादली उचलून पाहिली, खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि माझ्याकडं पाहिलं. आमचं पाणी शेजारच्या रतनबाईंच्या अंगणातल्या आडावरून यायचं. नळ आमच्या आळीपर्यंत येणार होता, नगरपालिकेतून तो निघालेलाही होता, पण वाटेत कुठंतरी थांबला होता. तर त्या आडातून पाणी काढायचं लोखंडी बादलीनं, आणि आणायचंही तिनंच. ती बादली रिकामी असली तरी भरल्यासारखी वाटायची. गेल्या पावसाळ्यापासून सगुणेचं उजवं मनगट दुखत होतं. रोज संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की ती त्याला आंबेहळदीचा लेप लावून बसायची.

"फुलासारखी हलकी आहे हो," ती म्हणाली. "घ्यायची का?"

हो म्हणायला माझ्या बापाचं काही जात नव्हतं. पण दुर्दैव असं, की त्याच आठवड्यात मी पुण्याहून पर्यावरण शिकून आलो होतो.

मी पंचायत समितीत कारकून. पुण्याला एक शिबिर होतं, साहेबांना जायचं नव्हतं, म्हणून मला पाठवलं. वेल्ह्याच्या कचेरीतून सोनबा आला होता. तोही कारकूनच. 'पर्यावरण' हा शब्द तेव्हा नवाकोरा होता. सोनबाला ते नवीन खातं वाटलं, आणि आपली तिकडं बदली होते की काय या काळजीत तो सकाळभर होता. दुपारी एक प्राध्यापक बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. प्रश्न चांगले असणार, पण जेवणात श्रीखंड होतं. पहिले दोन प्रश्न माझ्या झापडीत गेले. तिसरा मात्र मी खडबडून जागा होऊन ऐकला. "ही वस्तू टाकून दिल्यावर तिचं काय होणार? माती तिला परत घेईल का?"

मला तो प्रश्न इतका पटला, की राहिलेले दोन कुणाला विचारावेत असं मनातही आलं नाही. एका प्रश्नात जगाचा निवाडा होत असेल तर तीन कशाला?

तेव्हा मी बादलीवाल्याला विचारलं, "काय हो, ही कुजेल का?"

"कुजंल कशी?" तो म्हणाला. "धा वर्सं हिला काय व्हत न्हाई. ग्यारंटी."

"मग नको," मी म्हणालो.

माल टिकाऊ आहे म्हणून पाठ फिरवणारं गिऱ्हाईक त्यानं पहिल्यांदाच पाहिलं असावं. तो बराच वेळ आमच्याकडं पाहत होता. घरी येऊन सगुणा लोखंडी बादली डाव्या हातात घेऊन आडाकडं निघाली. ते मी पाहिलं, नाही असं नाही. पण तत्त्वाचा माणूस एकदा तत्त्वाकडं पाहायला लागला की त्याला बाजूचं कमी दिसतं.

पुढच्या आठवड्यात मी सगळं घर तपासलं. शिंदीचा झाडू पास झाला. कपड्यांची पावडर नापास झाली आणि तिच्या जागी रिठे आले. शिकेकाई, राखुंडी आणि बाभळीची काडी पहिल्या वर्गात आली. सगुणेची नायलॉनची रिबीन साफ नापास झाली. फळ्यांवर घालायचं प्लॅस्टिक मी काढून टाकलं. त्यासाठी मी फडताळातले सगळे डबे खाली काढले होते. ते कुणी परत लावले हे मला आठवत नाही, पण मी लावले नाहीत.

राहिला प्रश्न पाण्याचा. त्यावर रामभाऊंनी सल्ला दिला. रामभाऊ म्हणजे समोरच्या घरातले, संस्थानच्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. संस्थान विलीन होऊन पाव शतक झालं होतं, पण रामभाऊ अजून विलीन झाले नव्हते.

"मातीची घागर आणा," ते म्हणाले. "मातीतून आली, मातीत जाईल. संस्थानच्या वेळी सगळं मातीचंच होतं."

मी उत्रोलीच्या कुंभाराकडून घागर आणली. ती पहिल्याच दिवशी आडाच्या दगडी काठावर आपटून मातीत गेली, पण रामभाऊ म्हणाले होते तशी नव्हे. मी खापऱ्या गोळा करत होतो तेव्हा रामभाऊ पुन्हा आले आणि त्यातली एक हातात घेऊन म्हणाले, "ही मात्र कुजायची नाही हं. आमच्या परसात खणताना खापऱ्या निघतात त्या शिवकाळातल्या असाव्यात. जशाच्या तशा."

म्हणजे घागर फुटली ती फुटली, वर नापासही झाली. तांब्याच्या घागरीचंही तेच. लोखंड मात्र गंजतं, आणि गंजून गंजून मातीत मिळतं. या हिशेबानं सगळ्या भोरमध्ये पर्यावरणाला मानवणारी एकच बादली निघाली, आणि ती आमच्याच घरात होती. मी ही बातमी सगुणेला मोठ्या आनंदानं सांगितली. तिनं मनगटावरचा लेप खरवडत विचारलं, "हे तुम्हाला मातीनं सांगितलं का?"

ती टोमणा मारत होती, पण मला त्यात शास्त्र दिसलं. खरंच, मातीलाच का विचारू नये? रविवारी सकाळी मी फावडं घेऊन परसात गेलो. रतनबाईंच्या कुंपणाला लागून जमीन भुसभुशीत होती, कारण पलीकडं त्यांच्या म्हशीचा गोठा आणि शेणखताचा खड्डा होता. तिथं मी परीक्षेला बसलेल्या वस्तू पुरल्या. प्लॅस्टिकचा नमुना म्हणून चैत्रगौरीपुढं मांडायची जुनी बाहुली घेतली. तिचा एक हात आधीच तुटलेला होता. नायलॉनतर्फे लाल रिबीन. एक प्लॅस्टिकची फणी, जिच्यात सगुणेचे दोन-चार केस अडकलेले होते हे मी पाहिलं नाही. लोखंडातर्फे खिळे. आणि कुजणाऱ्या वस्तूंचा प्रतिनिधी म्हणून एक ताजं लिंबू. खिळे मातीत हरवू नयेत म्हणून मी ते लिंबाला टोचून ठेवले.

आज हे लिहिताना माझ्याच अंगावर काटा येतो. पण त्या सकाळी मला त्यात विज्ञानाशिवाय काहीही दिसलं नाही. खड्डा बुजवून मी हात झटकले, तेव्हा कुंपणापलीकडं रतनबाई शेणाची पाटी घेऊन उभ्या होत्या. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पाटी तिथंच ठेवून त्या घरात गेल्या.

पाऊस सुरू झाला आणि रतनबाईंच्या म्हशीचं दूध आटलं. गेली दोन वर्षं ती म्हैस गाभण राहत नव्हती, त्यामुळं तिच्यावर सगळ्या आळीचं लक्ष होतं. त्यात उरलंसुरलं दूधही गेलं. रतनबाईंनी दोन-चार दिवस वाट पाहिली, आणि एका सकाळी सगुणा आडावर गेली तेव्हा त्या आडाच्या तोंडावर फळ्या टाकून त्यांवर बसल्या होत्या.

"सगुणावैनी, तुमच्यावर माझा राग न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमचं केस बी पुरून घातलं ह्या मानसानं, म्या डोळ्यांनी बगितलं. तुमी बी जपून ऱ्हावा. पर हितलं पानी आता मिळायचं न्हाई."

सगुणा रिकामी बादली घेऊन परत आली आणि नीरा नदीच्या घाटाकडं वळली. जाताना ती एवढंच म्हणाली, "अहो, माझे केस कशाला पुरले?"

घाट काही दुसऱ्या गावाला नाही. पण जाताना उतार आणि येताना चढ, आणि चढावर भरलेली लोखंडी बादली. मला वाईट वाटलं. मी रतनबाईंना समजावायला कुंपणाशी गेलो. मी म्हणालो, "रतनबाई, ही करणी नव्हे. हे पर्यावरण आहे." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि गोठ्याला दृष्टीची मिरची टांगली.

दुसऱ्या दिवशी हवालदार साहेबराव आले. हा मूळचा किकवीचा माणूस, स्वभावानं गरीब, पण गणवेशात आला की त्यालाही स्वतःची भीती वाटायची. बरोबर पंच म्हणून रामभाऊ होते. रामभाऊंच्या अंगावर ठेवणीतला कोट होता.

"मढं पुरलं असतं तर कलम हाय," साहेबराव म्हणाले. "धन पुरलं असतं तरी हाय. बाहुलीला मी काय लावू, सायेब? तुमीच सांगा. आधी उकरा."

मी उकरायला लागलो. कुंपणापलीकडं निम्मी आळी जमली होती. बाहुली निघाली. दोन महिने मातीत राहूनही तिच्या गालावरची लाली तशीच होती आणि ती हसत होती. रिबीन निघाली, लालभडक. फणी निघाली, केसांसकट. खिळे तांबूस होऊन पापुद्रे सोडत होते. आणि लिंबाच्या जागी काळी माती तेवढी होती.

त्या क्षणी मी सगळं विसरलो. हवालदार विसरलो, म्हैस विसरलो, आळी विसरलो. माझा सिद्धांत माझ्या डोळ्यांसमोर सिद्ध झाला होता. एका हातात बाहुली आणि दुसऱ्या हातात खिळे वर धरून मी ओरडलो, "बघा, बघा. लिंबू पार गेलं आणि बाहुली जशीच्या तशी. अगदी म्हटलं होतं तसंच झालं."

यापेक्षा वाईट वाक्य मराठी भाषेत शोधूनही सापडलं नसतं. रतनबाई मटकन खाली बसल्या. "लिंबू गेलं म्हंजी लागू पडलं गं बया," असं कुणीतरी म्हणालं. साहेबरावांनी टोपी काढून घाम पुसला. रामभाऊ हलक्या आवाजात म्हणाले, "संस्थानच्या वेळी अशा माणसाला हद्दपार करत." हे त्यांनी माझ्या घरी रोज सकाळचा चहा घेत असूनही म्हटलं.

साहेबरावांना कलम सापडलं नाही, म्हणून त्यांनी प्रकरण माझ्या कचेरीकडं पाठवलं. साहेबांनी मला बोलावलं. सरकारी नोकरानं लिंबू पुरणं वर्तणुकीच्या नियमांत बसतं का, हे त्यांनाही माहीत नव्हतं, पण खुलासा मागायला माहिती लागत नाही. मी चार पानी खुलासा दिला. त्यात 'पर्यावरण' हा शब्द बावीस वेळा आला असं हेडक्लार्कचं म्हणणं. साहेबांनी वर शेरा मारला की सदर शब्दाचा अर्थ जिल्ह्याच्या कार्यालयाकडून मागवावा, आणि मला म्हणाले, "असलं व्याख्यान झालं होतं याला साक्षीदार कोण?"

साक्षीदार वेल्ह्यात होता. मी रजा टाकली, नसरापूरला गाडी बदलली, आणि भिजत भिजत सोनबाच्या दारात उभा राहिलो. दार उघडलं. घरात प्लॅस्टिकच्या बादल्या, प्लॅस्टिकचे मग, नायलॉनच्या पट्टीची खाट, प्लॅस्टिकची फुलं. मी म्हणालो, "सोनबा, अरे त्या सरांनी सांगितलं काय आणि तू केलंस काय?"

"त्यांनीच तर सांगितलं," सोनबा म्हणाला. "पयला प्रश्न, ही वस्तू टिकंल का? दुसरा, ती वापरताना कष्ट कुणाला पडतात? म्या बराबर दोन्ही विचारून घेतलं समदं. लई टिकतं आन् बायकूला हलकं पडतं."

"आणि तिसरा?"

"तिसरा बी व्हता व्हय?" तो म्हणाला. "मग माझी झोप तवाच लागली आसंल."

असा हा आमचा साक्षीदार. दोघांचं मिळून एक व्याख्यान होत होतं, पण साहेबांना एकाच माणसानं ऐकलेलं हवं होतं. सोनबाच्या बायकोनं, फुलाबाईंनी, मला गरम नाचणीची भाकरी आणि पिठलं वाढलं, आणि मी आलो तसा परत निघालो. त्या दुसऱ्या प्रश्नाकडं मी तेव्हा फारसं लक्ष दिलं नाही. कष्ट मलाच पडत होते, हे उघड होतं. भोर ते वेल्हे आणि वेल्हे ते भोर एसटीचे कष्ट काय कमी असतात?

घरी आलो तर चूल पेटलेली नव्हती. सगुणा भिंतीला टेकून बसली होती आणि तिचं मनगट सुजून टम्म झालं होतं. ओल्या पायरीवर बादली निसटताना तिनं ती सावरली होती. पीठ मळायला बोटं मिटत नव्हती. ती रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

"बादलीला काही झालं नाही," ती म्हणाली. "टिकाऊ आहे."

सकाळी उठून मीच घाटावर गेलो. पंचायत समितीचा कारकून, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला, हातात बादली. उतरताना मला त्यात मोठेपणाच वाटत होता. बादली भरली, उचलली, आणि पहिल्या पायरीवर तो मोठेपणा संपला. कडी बोटांत रुतली, खांदा खाली गेला, पाणी पायजम्यावर सांडलं. मी दर दहा पावलांवर ती खाली ठेवत होतो. आळीत पोचेपर्यंत निम्मी रिकामी झाली होती आणि तरी जड होती. हे ती रोज करत होती. सुजलेल्या हातानं करत होती, आणि मी तिला लोखंड कसं गंजतं ते समजावून सांगत होतो. सोनबाचा दुसरा प्रश्न मला त्या चढावर आठवला, आणि माझी मलाच लाज वाटली.

रतनबाई दारात उभ्या होत्या. मी त्यांच्यासमोर बादली टेकवली, कारण पुढं नेण्याची ताकद नव्हती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या ओल्या पायजम्याकडं पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. या वेळी भीतीनं नव्हे. त्यांचे खांदे हलत होते.

"भावजी," त्या म्हणाल्या, "करनी करनाऱ्याची अशी दशा म्या कुठं बगितली न्हाई. तुमच्यानं पानी भरना, म्हशीचं दूद कसं बांधाल?"

आणि त्यांनी आडावरच्या फळ्या बाजूला केल्या.

नंतर असं झालं, की जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन म्हैस पाहून गेले आणि म्हणाले, म्हैस गाभण आहे, चांगली पाच-सहा महिन्यांची. दूध त्यामुळंच आटलं. दोन वर्षांत जे झालं नाही ते झालं होतं, आणि रतनबाईंनी आशा सोडल्यामुळं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी सुटलो असं मला वाटलं. पण आळीनं हिशेब वेगळाच केला. लिंबू पुरलं आणि म्हैस गाभण राहिली. डॉक्टरांच्या महिन्यांची आणि माझ्या लिंबाची तारीख जुळत नाही, असं मी सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. आठवड्याभरात कामथडीची एक आजी एसटीनं येऊन माझ्या ओट्यावर बसली, तिच्या गाईच्या नावानं काहीतरी पुरा म्हणून. लिंबू तिनं बरोबरच आणलं होतं. साहेबांनीही मला खोलीत बोलावून, दार लोटून, त्यांच्या मेहुण्याच्या म्हशीविषयी विचारलं. खुलाशाचं मग कुणी काही काढलं नाही. जिल्ह्याहून शब्दाचा अर्थ अजून यायचा आहे.

आणि एका संध्याकाळी रतनबाई आमच्या घरी आल्या. त्यांच्या हातात तीच, बाजारातली, लाल प्लॅस्टिकची बादली होती. आत पेढ्यांचा पुडा.

"वैनीचं मनगट माज्यामुळं सुजलं," त्या म्हणाल्या. "माज्या जिवाला लागलंय ते. ही ऱ्हाऊ द्या. हलकी हाय."

मी बादलीकडं पाहिलं. ती कुजणार नव्हती. माझ्या तत्त्वाला ती चालत नव्हती, आणि सगुणेच्या हाताकडं पाहिलं की तत्त्व चालत नव्हतं. शेवटी मी घसा खाकरून म्हणालो, "घे. घेऊन टाक. मी काही म्हणणार नाही." एवढं बोलायला मला जे लागलं ते मलाच माहीत.

सगुणेनं पेढे काढून घेतले, आणि रतनबाईंच्या पाया पडून बादली त्यांच्या हातात परत दिली.

"म्हशीच्या आंबोणाला ठेवा, रतनबाई," ती म्हणाली. "आम्हाला नको. ह्यांचं खरं आहे, ती कुजत नाही. आणि आता आमच्याकडं पाणी हेच भरतात, मग मला लोखंडी काय जड आहे?"

रतनबाई माझ्याकडं बघून हसल्या, आणि या वेळी पदरही लावला नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. लाल बादली रतनबाईंच्या गोठ्यात अजून आहे. आमची लोखंडीही आहे, आणि आडावर रोज सकाळी मीच असतो. लोखंड गंजतं, यावर माझा पूर्ण विश्वास होता आणि आहे. ही बादली एकदा गंजून फुटली की दुसरी कुठली घ्यायची ते मी तिन्ही प्रश्न विचारून ठरवूनही ठेवलं आहे. पण सगुणा तिला रोज दुपारी चिंच आणि राख लावून घासते, कोरडी करते आणि उन्हात पालथी घालते. गंजाचा ठिपकासुद्धा राहू देत नाही. मनगट बरं झाल्यापासून तर जास्तच जोर लावून घासते.